वियार्ड वजीर बदलत नाही

वियार्ड फोकेनच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा कुठला प्रोग्राम बसवायचा, यावरून दोन म्हाताऱ्यांची दुपारभर जुंपली होती. कॉम्प्युटर वियार्डचा, खेळणार वियार्ड, पण निवड मात्र ओक्को राइंट्सला करायची होती. ओक्कोचा स्वभावच तसा. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एम्डेनच्या गोदीत जहाजांच्या तारा जोडण्यात त्याची हयात गेली, आणि ज्याला तार जोडता येते त्याला जगातलं सगळं समजतं, ही त्याची समजूत निवृत्तीनंतर आणखीच पक्की झाली होती. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे ती खोडून काढायलाही घरात कोणी नव्हतं.

दोघं तरुणपणापासून पत्राने बुद्धिबळ खेळत. एका कार्डावर एक चाल लिहायची, तिकीट लावायचं आणि टाकायचं. दोघांची घरं सायकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर, तरी चाल पोस्टानेच जायची. समोरासमोर बसून खेळणं म्हणजे वियार्डच्या मते हमरीतुमरी. खरा डाव माणूस एकटा बसून खेळतो. वियार्ड कालव्याच्या तोंडावरच्या पाणदरवाज्याचा राखणदार होता. भरतीला दरवाजा लावायचा, ओहोटीला उघडायचा आणि मधल्या वेळात पटाकडे बघत बसायचं, असं त्याचं आयुष्य. पुढे नवा दरवाजा झाला, तो आपला आपण उघडू-मिटू लागला. वियार्डला जुन्या दरवाज्याजवळचं घर तेवढं राहू दिलं. सगळ्यात जवळचं शेजारघर म्हणजे दूरच्या शेतातला एक गोठा.

मग कार्डं गेली आणि इंटरनेटवर चाली पाठवायची साइट आली. तिच्यामागोमाग चाल सुचवणारी यंत्रं आली, ज्यांना इंजिन म्हणतात. पत्राच्या बुद्धिबळात यंत्राला विचारायला बंदी नाही. तिथला रिवाज एवढाच, की यंत्राला खुशाल विचारा, पण ठरवायचं माणसाने आणि पाठवायचंही माणसानेच. ओक्कोने पहिल्या दिवसापासून विचारलं. वियार्डने कित्येक वर्षं विचारलं नाही, आणि दर वर्षी तो ओक्कोकडून सपाटून मार खात गेला. शेवटी त्यानेही हात टेकले.

ओक्कोने दोन प्रोग्राम आणून दाखवले. एक साधा होता. पट मांडा, विचारा, तो चार-पाच चाली सुचवतो, मग साइटवर जाऊन आपली चाल आपल्या हाताने खेळा. दुसरा भारी. त्याचं इंजिन घरच्या कॉम्प्युटरवर चालतच नसे. कुठल्यातरी थंड देशातल्या मोठ्या यंत्रावर ते महिन्याच्या भाड्याने अहोरात्र चाले, आणि साइटशी थेट जोडलेलं असे. वियार्डला साधा हवा होता.

"मला सल्ला विचारायला कोणीतरी हवंय," तो म्हणाला. "घरात भाडेकरू नकोय."

"तुझा हा डबा पाच मिनिटं विचार करायला लागला की तापतो," ओक्को म्हणाला. "त्याच्यावर चहा उकळून घे आणि खेळ भाड्याच्यावर."

वियार्डने भारी प्रोग्राम घेतला. ओक्कोशी वाद घालून दमलेला माणूस दुसरं काय करणार? बसवताना ओक्कोने त्याला एक चौकोन दाखवला. त्यात खूण केली की इंजिनची पहिली पसंती आपोआप साइटवर जाई, रोज ठरवलेल्या वेळेला. ओक्को बजावून म्हणाला, याला हात लावायचा नाही, ही सोय लबाडांसाठी आहे. मग असला प्रोग्राम आणलास कशाला, असं वियार्डने विचारलं, तर बाकी सगळं चांगलं आहे म्हणून, असं उत्तर मिळालं.

आणखी एक गोष्ट ओक्कोने आपल्या मनाने केली. वियार्डला ऐकू कमी यायचं. ओक्कोची चाल आली की त्याला कळावी म्हणून ओक्कोने घरून दोन जुने मोठे स्पीकर आणले, आणि जहाजावरच्या घंटेचा आवाज लावून दिला, पूर्ण मोठा. पहिल्यांदा वाजली तेव्हा वियार्डच्या हातातला कप हिंदकळला. बांधावरची मेंढरं समुद्रात उड्या टाकतील, असं तो म्हणाला, पण आवाज त्याने कमी केला नाही. मग नेहमीसारखे तीन कप झाले. आमच्याकडे पाहुण्याला तीन कप चहा द्यायचा असतो, त्याच्या आत कोणी त्याला उठू देत नाही. खडीसाखर तडतडते, वर साय सोडायची, ती ढवळायची नाही. तिसरा संपला की पाहुणा कपात चमचा ठेवतो, म्हणजे पुरे. ओक्कोने चमचा ठेवला आणि खूश होऊन घरी गेला.

वियार्डची मुलगी फेना ओल्डेनबुर्गला असे. बापाचे हात थरथरायला लागले होते, दोनदा तो अंगणात पडला होता, आणि लेअरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होणार होती. वियार्डने तिला स्पष्ट सांगितलं, दरवाज्याजवळच्या घरातून मी आडवाच निघेन. फेनाने अट घातली की मग रोज कोणीतरी बघायला हवं. फोन तो उचलायचा नाही, उचलला तरी त्याला ऐकू यायचं नाही. तेव्हा ओक्को मध्ये पडला. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की तुझा बाप मला रोज सकाळी चाल पाठवतो. चाल आली म्हणजे तो उठलाय, बसलाय, डोकं ठिकाणावर आहे. एखाद्या सकाळी आली नाही तर दुपारी तुला फोन करीन. चालीपेक्षा पक्की खूण कुठली?

फेनाला ते पटलं. लहानपणापासून तिने बापाला पटाशिवाय दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं.

शरदात एका सकाळी चाल आली नाही. ओक्कोने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि शब्द दिल्याप्रमाणे फेनाला फोन केला. ती कामावरून निघून तशीच गाडी हाकत आली. वियार्ड अंथरुणात होता, तापाने फणफणलेला, पण जिवंत. बोटं थरथरत होती म्हणून चाल जागेवर बसत नव्हती, म्हणून सोडून दिली, असं त्याने सांगितलं. बापलेकीचं चांगलंच वाजलं. फेनाने लेअरच्या खोलीसाठी नाव घातलं आणि सांगितलं, की पुन्हा एकदा असं झालं की मी सामान भरायलाच येईन.

ओक्कोला वाईट वाटलं, पण आपण शब्द पाळला याचं समाधान जास्त होतं. आणि पुढच्या सकाळपासून चाल आली, ती बरोबर आठच्या ठोक्याला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आठलाच. म्हाताऱ्याला धाक बसला, ओक्को मनात म्हणाला. राखणदाराचं रक्त आहे, भरती-ओहोटीसारखा वेळेवर आलाय.

हिवाळ्यात ओक्कोच्या खुब्याचा सांधा बदलला. त्याआधी तो दर गुरुवारी वियार्डकडे जायचा. आता सायकल बंद झाली आणि बर्फात गाडी काढायचा कंटाळा येऊ लागला. चाल तर येतेच आहे. जाऊन काय करायचं, त्याचं तोंड बघायचं? तेच तोंड पन्नास वर्षं बघितलंय. असं म्हणत एक गुरुवार गेला, मग दुसरा, आणि मग गुरुवार हा नुसता वार राहिला.

डाव मात्र रंगात आला होता. ओक्को रोज आठला पडद्यासमोर बसे, वियार्डची चाल बघे, आपल्या इंजिनला विचारे आणि नाश्त्याच्या आधी उत्तर पाठवून देई. आणि दिवसेंदिवस त्याला नवल वाटू लागलं. वियार्ड सुधारत होता. पूर्वी यंत्राला विचारूनसुद्धा तो ऐन वेळी आपलंच घोडं दामटायचा. कडेचं प्यादं उगाच पुढे ढकलायचा, चांगला उंट कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, मला ते तिथे बरं दिसतं. आता तसलं काही नाही. ओक्कोचं इंजिन जी चाल पहिली सुचवी, तीच चाल पलीकडून येई. एकही फालतू नाही. ओक्कोची छाती फुगली. शेवटी मी निवडलेल्या प्रोग्रामनेच शहाणा केला ना याला, असं तो भिंतीला सांगायचा.

मग एका रविवारी आठ वाजता चाल आली आणि ओक्को हसला. वियार्डने वजिरासमोर वजीर आणून ठेवला होता. मार आणि मार खा.

आता हे ओक्कोइतकं कोणाला ठाऊक असणार? वियार्ड वजीर बदलत नसे, म्हणजे वजिराच्या बदल्यात वजीर देत नसे. हरत असला तरी नाही, बदलून बरोबरी मिळत असली तरी नाही. सगळ्या बुद्धिबळ क्लबात त्याची त्यावरून टर उडवली जाई. वजीर गेले की पटावर नुसता हिशेब उरतो, असं तो म्हणे, आणि हिशेब करायला मी बँकेत लागलो असतो. कार्डांच्या जमान्यापासून एकदाही त्याने आपणहून वजीर समोर आणला नव्हता. आणि आज आणला. ओक्कोने तो मारला, चाल पाठवली आणि खुशीत चहा टाकला. त्याच्या डोक्यात एकच आलं, की म्हातारा माणसाळला.

फेना रविवारी संध्याकाळी फोन करायची. बाबा कसे आहेत, चाल आली का, एवढं विचारायची आणि ठेवायची. त्या दिवशी ओक्कोने तिला ठेवू दिला नाही.

"अगं, तुझा बाप सुधारला," तो म्हणाला. "काय खेळतोय! आणि आज काय केलं माहितीये? वजीर बदलला."

लाइन तुटली असं वाटून ओक्कोने तिला दोनदा हाक मारली.

"ओक्को काका," फेना म्हणाली, "बाबा वजीर बदलत नाहीत."

"तेच तर सांगतोय. आता बदलायला लागला."

"नाही. ते बदलत नाहीत. आई गेली त्या आठवड्यात तुम्ही त्यांना तसं करायला लावत होतात, तेव्हासुद्धा नाही बदलला. काका, तुम्ही त्यांना शेवटचं बघितलंत कधी?"

ओक्कोला आठवेना. नाताळाच्या आधी, एवढंच आठवलं.

"मी निघतेय," फेना म्हणाली. "तुम्ही जवळ आहात. तुम्ही आधी जा."

ओक्को गाडीत बसला, काठी विसरला, पुन्हा आत गेला. बांधाच्या रस्त्यावर धुकं होतं. वाटेत तो स्वतःला समजावत होता, की आज आठला चाल आली आहे, कालही आली आहे, मेलेला माणूस चाल पाठवत नाही. मग त्याला तो चौकोन आठवला. आपणच बोट ठेवून दाखवलेला, हात लावू नको म्हणून बजावलेला. त्यानंतर त्याने स्वतःला काही समजावलं नाही.

वियार्डचं दार कधीच कुलपात नसे. ते उघडल्यावर ओक्कोला जे कळायचं ते नाकाला आधी कळलं. शेगडी विझलेली होती आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला होता, तेवढाच काय तो उजेड. वियार्ड टेबल आणि शेगडीच्या मध्ये कुशीवर पडला होता. एक हात टेबलाच्या पायाकडे ताणलेला होता. जवळच्या सतरंजीवर त्याने सरकायचा प्रयत्न केल्याच्या चुण्या होत्या.

ओक्कोने त्याला हाक मारली. का मारली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

टेबलावर लाकडी पट होता. पडद्यावर आलेली प्रत्येक चाल वियार्ड त्या पटावर हाताने खेळून बघे, त्याशिवाय त्याला डाव दिसत नसे. पटावर दोन्ही वजीर होते. दोन्हीकडचे हत्ती जागच्या जागी होते, आणि तेच हत्ती साइटवरच्या डावात केव्हाच मेले होते. ओक्कोने खिशातून चष्मा काढला आणि पट वाचला, कारण पट वाचण्याशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काही धड येत नव्हतं. ती त्यांची जानेवारीतली स्थिती होती. आणि आता फेब्रुवारी सरत आला होता. मधल्या सगळ्या सकाळी ओक्को भाड्याच्या एका यंत्राशी खेळला होता आणि त्याची वाहवा करत होता.

फेना आली, पोलीस आले, डॉक्टर आला. डॉक्टर तरुण होता आणि त्याला खोटं बोलायला अजून जमत नव्हतं. फेनाने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की मांडीचं हाड मोडलेलं आहे, डोक्याला काही लागलेलं नाही. लगेच गेले असं मला म्हणता येणार नाही. दोन दिवस, कदाचित थोडे जास्त. कोणी आलं असतं तर, एवढं बोलून तो थांबला.

फेना रडली नाही. ती ओक्कोकडे वळली.

"चाली येत होत्या ना?" तिने विचारलं.

"येत होत्या," ओक्को म्हणाला. "रोज. चुकूनसुद्धा एक वाईट नव्हती. तिथेच मला कळायला हवं होतं."

तिने मान हलवली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

अंत्यविधी झाला. क्लबातले पाच-सहा म्हातारे आले, त्यांनी ओक्कोचा हात हातात घेऊन दाबला, आणि ओक्कोला वाटलं की यातल्या एकाने तरी थोबाडीत मारावी. कोणी मारली नाही. आमच्याकडची माणसं मोजकं बोलतात आणि त्याला सभ्यपणा म्हणतात. घरी आल्यावर त्याने पडदा उघडला. त्याने मारलेल्या वजिराला दुसऱ्याच दिवशी, सोमवारी आठच्या ठोक्याला, उत्तर आलेलं होतं. वियार्ड फोकेन या नावाने. फेनाने घरातलं काही हलवलं नव्हतं आणि थंड देशातल्या त्या यंत्राला कोणी काही कळवलं नव्हतं. त्याला फक्त ओक्कोच्या पुढच्या चालीची वाट होती.

साइटच्या पंचांना कळवायचं असतं. खेळाडू वारला की डाव उरलेल्याला मिळतो, असा नियम आहे. ओक्कोने कळवलं नाही. तो अख्खा गुण आपल्या नावावर चढलेला बघायचा, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

आठवड्याने फेनाचा निरोप आला, की सामान भरतेय, तो कॉम्प्युटर मला समजत नाही, येऊन बंद करून द्या. ओक्को गेला. खोलीत खोके होते, सतरंजी काढून टाकली होती आणि खाली फरशीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन दिसत होता. फेनाने चहा केला होता, कारण पाहुणा आला की चहा होतोच, मग पाहुणा कोणीही असो. तिने खडीसाखर टाकली, ओतला, साय सोडली. दोघांनी पहिला कप घेतला.

"ती खूण बाबांनी कधी केली असेल?" तिने विचारलं.

"शरदात. तू लेअरला नाव घातलंस त्यानंतर."

"म्हणजे तुम्ही मला फोन केलात त्यानंतर."

"हो," ओक्को म्हणाला.

तिने स्पीकरकडे बघितलं. असली जुनी धूडं इथे कशाला, म्हणून तिने विचारलं, आणि ओक्कोला सांगणं भाग पडलं. माझी चाल आली, माझ्याकडून काहीही आलं, की घंटा वाजते. त्याला ऐकू यावी म्हणून मीच लावली.

फेना काही वेळ हिशेब करत होती. तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, एकेक सकाळ करत पुढे जाणारा.

"ते पडले तेव्हाही तुम्ही रोज पाठवत होतात."

"हो."

"आता पाठवा," ती म्हणाली. "मला ऐकायचीय."

ओक्कोने खिशातून फोन काढला. डाव उघडला. स्थिती बरोबरीची होती, वजीर गेले होते आणि पटावर नुसता हिशेब उरला होता. चाल केली असती तर उद्या आठला पुन्हा उत्तर आलं असतं. त्याने 'डाव सोडतो' हे बटण दाबलं. खरंच सोडायचा आहे का, असं त्याला एकदा विचारण्यात आलं. त्याने हो म्हटलं.

तोवर फेना त्या फिकट चौकोनाजवळ जाऊन फरशीवर बसली होती, टेबलाच्या पायाला पाठ लावून.

घंटा वाजली. रिकाम्या खोलीत ती पूर्वीपेक्षाही मोठी वाजली, खिडकीची काच थरथरली, आणि थांबल्यावरही आवाज बराच वेळ लाकडात राहिला.

"इथून स्पष्ट ऐकू येते," फेना म्हणाली.

ओक्कोने पडद्यापाशी जाऊन ती खूण काढली, भाड्याचं यंत्र सोडलं, कॉम्प्युटर बंद केला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. तो परत खुर्चीत बसला आणि त्याने रिकामा कप थोडा पुढे सरकवला. फेना उठली, किटली उचलली, तिच्यावर चहा गरम ठेवायची कापडी टोपी चढवली आणि ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. नळ सोडल्याचा आवाज आला. ओक्कोने एकाच कपानंतर चमचा उचलून कपात ठेवला, काठी घेतली आणि दार ओढून घेऊन बाहेर पडला.